ली थिएचे बंद पडलेले क्लब

फुटबॉलपटूचा बायोडेटा हातात आला की आपण सामने मोजतो, गोल मोजतो, चषक बघतो. ली थिएचा बायोडेटा मी वेगळ्याच कारणाने पुन्हा पुन्हा वाचला. खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून तो चीनमधल्या ज्या ज्या क्लबात होता, त्यातला एकही आज शिल्लक नाही. छंगदू 2015 मध्ये गुंडाळला गेला, ल्याओनिंग 2020 मध्ये, वुहान आणि हबेई 2023 मध्ये, ग्वांगझौ 2025 मध्ये. इंग्लंडमधले त्याचे दोन क्लब, एव्हर्टन आणि शेफील्ड युनायटेड, मात्र जागच्या जागी आहेत. ली थिए स्वतः 20 वर्षांची शिक्षा भोगतोय.

आपल्याकडे ही बातमी डिसेंबर 2024 मध्ये दोन-चार ओळींत येऊन गेली: चीनच्या माजी प्रशिक्षकाला लाचखोरीबद्दल तुरुंगवास. लोकांनी मान हलवली आणि पान उलटलं. पण प्रशिक्षक होण्याआधी हा माणूस मिडफिल्डर होता आणि चांगला मिडफिल्डर होता. त्याच्या कारकिर्दीच्या प्रत्येक टप्प्यावर 'याचे पैसे कोण देतंय?' एवढा एकच प्रश्न विचारत गेलं, तर चिनी फुटबॉल कसा उभा राहिला, कसा फुगला आणि कसा फुटला हे बरंचसं उलगडतं.

आधी नावाचं निस्तरू. चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणजे ली हे आडनाव. थिए म्हणजे लोखंड. इंग्रजी स्पेलिंगमुळे त्याचं बऱ्याच ठिकाणी 'ली टाय' झालेलं दिसेल, माणूस तोच.

जन्म 18 मे 1977 चा, शेनयांगचा. ईशान्य चीनमधलं हे कडाक्याच्या थंडीचं, अवजड कारखान्यांचं शहर, ल्याओनिंग प्रांताची राजधानी. हा प्रांत म्हणजे चिनी फुटबॉलची खाण. आशियाई क्लब स्पर्धा जिंकणारा पहिला चिनी संघ ल्याओनिंगचाच, 1989-90 च्या मोसमातला. तेव्हा चीनमध्ये क्लब ही कल्पनाच नव्हती. संघ सरकारी क्रीडा खात्याचे, खेळाडू पगारी नोकर. व्यावसायिक लीग 1994 मध्ये सुरू झाली, आणि सरकारचा हात थोडा सैल होताच त्या जागी कंपन्यांचा हात आला.

पहिली कंपनी सरबताची. ज्येनलीबाव नावाचं संत्र्याच्या चवीचं पेय 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकनंतर चीनभर गाजलं होतं. या कंपनीने 1993 च्या अखेरीस किशोरवयीन मुलांचा एक संघ थेट ब्राझीलला पाठवला. दोन-तीन आठवड्यांच्या शिबिराला नाही, चांगली पाच वर्षं. सोळा वर्षांचा ली थिए त्यात होता. जगाच्या दुसऱ्या टोकाला, घरच्यांपासून लांब, भाषा परकी, आणि समोर रोज ब्राझीलची पोरं. कल्पना भाबडी होती. ब्राझीलच्या मातीत रोप लावलं की ब्राझीलचं फळ येईल असा हिशोब. 1997 च्या जागतिक युवा स्पर्धेत हा संघ गटातच बाद झाला आणि टीका झाली. तरी त्यातून राष्ट्रीय संघाला पुढे दहा वर्षं पुरतील इतके खेळाडू मिळाले, हेही खरंच. ली थिए विसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात आला. पुढे 90 हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळला.

तो नेमकं खेळायचा काय? फुटबॉल फारसं न बघणाऱ्यांसाठी सांगतो. गोल मारतो तो आघाडीवीर, त्याचं नाव होतं. गोल अडवतो तो गोलरक्षक, त्याचे फोटो येतात. मधल्या फळीत, बचावफळीच्या थोडं पुढे, एक जण असतो जो समोरच्याच्या पायातून चेंडू काढतो, दोन पावलांवरच्या सोबत्याला देतो आणि पुन्हा पळायला लागतो. नव्वद मिनिटं हेच. लग्नघरात एक काका असतात, ते स्टेजवर कुठेच दिसत नाहीत, पण पाण्याचा टँकर आला का, आचारी पोचला का, वरातीची गाडी कुठे अडली हे सगळं त्यांच्याकडे असतं. ली थिए हा चिनी संघातला तो काका. दैवी पास, लांबून मारलेले अफाट गोल हा त्याचा प्रांत नव्हे. त्याची ख्याती दमसासाची. व्यावसायिक लीगच्या सुरुवातीच्या काळात चिनी फुटबॉल संघटनेने खेळाडूंसाठी 12 मिनिटांच्या धावण्याची सक्तीची चाचणी ठेवली होती. भले भले नामवंत तिला घाबरायचे. हा गडी अशा चाचण्यांसाठीच जन्मलेला.

1998 मध्ये ब्राझीलहून परतून तो ल्याओनिंगकडून खेळू लागला. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. त्याच वर्षी वर चढला आणि 1999 मध्ये, पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच मोसमात, विजेतेपदाला हात लावून आला. शेवटच्या दिवशी बरोबरी झाली आणि शानडोंगच्या संघाने एका गुणाने लीग नेली. तरण्या पोरांच्या या संघाला चिनी वर्तमानपत्रांनी 'ल्याओनिंगची वावटळ' म्हटलं. मला विचाराल तर ली थिएच्या आयुष्यातलं हेच सगळ्यात निर्मळ वर्ष.

मग 7 ऑक्टोबर 2001. शेनयांगचं वुलिहे स्टेडियम, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावचं मैदान. चीनने ओमानला 1-0 हरवलं, यू गनवेईने गोल केला, आणि चीन पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला. (2002 चे यजमान जपान आणि दक्षिण कोरिया होते, त्यामुळे ते पात्रता फेरीत नव्हते. वाट थोडी मोकळी होती, पण ते चालायचंच.) प्रत्यक्ष विश्वचषकात काय झालं ते चिनी प्रेक्षक अजून तोंडपाठ सांगतात: कोस्टारिकाकडून 0-2, ब्राझीलकडून 0-4, तुर्कस्तानकडून 0-3. तीन सामने, शून्य गोल, नऊ खाल्लेले. ली थिए तिन्ही सामने खेळला. चीन त्यानंतर एकदाही विश्वचषकात पोचलेला नाही. 2026 साठी संघांची संख्या 48 केली, तरीही नाही. जून 2025 मध्ये जकार्तात इंडोनेशियाकडून 0-1 हरून ती दारंही बंद झाली. म्हणून 2002 च्या त्या गोलशून्य संघाकडेही चीनमध्ये आज हळव्या नजरेने पाहतात.

ऑगस्ट 2002 मध्ये ली थिए लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबात एका वर्षाच्या लोनवर गेला. लोन म्हणजे उसनवारी: खेळाडू मूळ क्लबचाच राहतो, ठरावीक काळ दुसरीकडे खेळतो. पण ही उसनवारी साधी नव्हती. एव्हर्टनच्या जर्सीवर त्या मोसमात नवीन नाव झळकलं, केजियान. ही चिनी मोबाइल कंपनी. प्रायोजकत्वाचा करार झाला आणि त्याच्याबरोबर दोन चिनी खेळाडू आले, ली थिए आणि बचावपटू ली वेइफेंग. कंपनीला एव्हर्टनच्या छातीवर जागा हवी होती, आणि ती जागा चीनमध्ये कोणी बघायची तर मैदानावर चिनी माणूस दिसायला हवा. एव्हर्टनला पैसा हवा होता आणि जमलं तर कोट्यवधी नवे प्रेक्षक. खेळाडू या सौद्याच्या मधोमध.

इंग्लंडमध्ये अशा खेळाडूकडे कसं बघत असतील ते सांगायला नको. जर्सी विकायला आणलेला. ली वेइफेंगच्या वाट्याला लीगचा एकच सामना आला आणि तो परत गेला. ली थिए मात्र संघात घुसला. प्रशिक्षक डेव्हिड मोयेस शिस्तीचे, पळणाऱ्या माणसावर प्रेम करणारे. त्यांना हा खेळाडू आवडला. पहिल्याच मोसमात तो प्रीमियर लीगचे 29 सामने खेळला, एव्हर्टन सातवा आला. याच मोसमात त्याच संघात सोळा वर्षांचा वेन रूनी उगवला, त्यामुळे सगळ्या कॅमेऱ्यांचं तोंड तिकडे. पण मधल्या फळीत पळणारा चिनी माणूस जाहिरातीचा फलक नाही हे तोपर्यंत इंग्लिश प्रेक्षकांना कळलं होतं.

1 जानेवारी 2003 ला मँचेस्टर सिटी विरुद्ध एव्हर्टन सामना झाला. सिटीकडे सुन जीहाय होता, तोही ल्याओनिंग प्रांतातला, जन्मही त्याच वर्षीचा. प्रीमियर लीगच्या सामन्यात दोन चिनी खेळाडू समोरासमोर. सामना 2-2 सुटला. चीनमध्ये तो 30 कोटींहून जास्त लोकांनी पाहिला असं तेव्हा छापून आलं. असल्या आकड्यांवर माझा फार विश्वास नाही, घराघरात जाऊन कोण मोजतं? पण निम्म्याने कमी केला तरी तो महाराष्ट्राच्या सगळ्या लोकसंख्येहून मोठा राहतो. इंग्लिश क्लबांचे डोळे त्या आकड्याने दिपले, आणि नंतर आशियाई बाजारासाठी जी धावपळ झाली तिच्यात या सामन्याचा वाटा मोठा.

2003 मध्ये एव्हर्टनने त्याला कायमचं घेतलं. फेब्रुवारी 2004 मध्ये राष्ट्रीय संघाबरोबर असताना त्याचा पाय मोडला. पळण्यावर जगणाऱ्या खेळाडूचा पाय. पुढची दोन वर्षं इलाज आणि राखीव खेळाडूंत गेली. 2006 मध्ये शेफील्ड युनायटेड. तिथे लीगचा एकही सामना वाट्याला आला नाही. मग छंगदू, जो तेव्हा शेफील्ड युनायटेडच्याच मालकीचा होता. शेवटी पुन्हा ल्याओनिंग, आणि 2011 मध्ये निवृत्ती. दरम्यान 12 फेब्रुवारी 2007 ला वुलिहे स्टेडियम सुरुंग लावून पाडलं गेलं होतं. अठरा वर्षंही न झालेली इमारत, चीनच्या एकमेव विश्वचषक प्रवेशाची जागा. शहराच्या मध्यातल्या जमिनीला भाव आला होता.

इथवर गोष्ट एका कष्टाळू खेळाडूची. आता जमिनीचा भाव गोष्टीत शिरलाच आहे, तर तिथूनच पुढे जाऊ.

एका बाजूला इंग्लिश क्लब घ्या. त्याचं उत्पन्न तिकिटं, टीव्हीचे हक्क, जर्सी, प्रायोजक अशा चार-पाच नळांतून येतं. मालक बदलतो, कधी कर्जही होतं, पण गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकीट काढतात. चिनी क्लबांचं बहुतेक पाणी एकाच नळातून यायचं: मालक कंपनी. आपल्याकडची उपमा द्यायची तर, वर्गणीवर चालणारं गल्लीतलं गणेश मंडळ आणि एकाच साहेबाच्या पैशावर लागणारी लाखोंची दहीहंडी. दहीहंडी दिसायला कितीतरी भव्य. पण साहेबाचे दिवस फिरले की पुढच्या वर्षी चौकात दोरीसुद्धा बांधली जात नाही.

साहेबाला फुटबॉलचं काय? फुटबॉल तोट्यातच होता. पण चीनमध्ये बांधकामाची जमीन मिळते स्थानिक सरकारकडून. शहराचं नाव घेऊन खेळणारा क्लब पोसला की शहराचे अधिकारी खूश. शिवाय जाहिरात फुकट. 2010 मध्ये एव्हरग्रँड या बांधकाम कंपनीने ग्वांगझौचा क्लब 10 कोटी युआनला विकत घेतला. मॅच-फिक्सिंगच्या शिक्षेमुळे तो क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला होता, म्हणून स्वस्तात मिळाला. पुढच्या दहा वर्षांत त्याने आठ लीग विजेतेपदं घेतली आणि 2013 व 2015 ची आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. शेनयांगचाच झेंग झी, ली थिएहून तीन वर्षांनी लहान, चार्लटन आणि सेल्टिक या ब्रिटिश क्लबांकडून खेळून आलेला मिडफिल्डर, या संघाचा कर्णधार होता आणि 2013 चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

2012 मध्ये या क्लबने इटलीला विश्वचषक जिंकून दिलेले मार्चेलो लिप्पी आणले आणि त्यांचा सहायक झाला ली थिए. याहून चांगली शाळा कुठली? पुढे 2016 मध्ये लिप्पी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हाही तो काही काळ सहायक होता. (लिप्पींच्या चीनला ऑक्टोबर 2018 मध्ये भारताने सुझौला जाऊन 0-0 रोखलं होतं; गुरप्रीतसिंग संधूने त्या दिवशी गोलपुढे भिंत बांधली. तोवर ली थिए वुहानला गेला होता.)

याच काळात वरून वारं वाहू लागलं. शी जिनपिंग यांनी 2011 मध्ये तीन इच्छा सांगितल्या होत्या: चीनने विश्वचषकाला पात्र व्हावं, तो भरवावा, आणि जिंकावा. 2015 मध्ये सरकारचा फुटबॉल सुधारणांचा 50 कलमी आराखडा आला. राष्ट्राध्यक्षांनाच आवड आहे म्हटल्यावर कंपन्या मागे कशाला राहतील? जानेवारी 2017 मध्ये ऑस्कर हा ऐन पंचविशीतला ब्राझिलियन खेळाडू चेल्सी सोडून शांघायला गेला, सुमारे 6 कोटी पौंडांना. शेवटी सरकारनेच ब्रेक लावला. 2017 मध्ये ठरलं की परदेशी खेळाडूवर 4.5 कोटी युआनच्या वर खर्च केलात तर तेवढीच रक्कम आणखी भरायची.

ली थिए मुख्य प्रशिक्षक झाला तो या तेजीच्या ऐन भरात, ऑगस्ट 2015 मध्ये, दुसऱ्या श्रेणीतल्या हबेई क्लबात. काही महिन्यांत संघ पहिल्या श्रेणीत चढला. त्याची वाहवा झाली. वर्षभरात त्याला बाजूला करून चिलीचे नामवंत प्रशिक्षक मॅन्युएल पेलेग्रिनी यांना आणलं गेलं. मग वुहान: 2018 मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, पुन्हा चढाई, आणि 2019 मध्ये वरच्या श्रेणीत सहावा क्रमांक. नोव्हेंबर 2019 मध्ये सीरियाकडून हरल्यावर लिप्पींनी राजीनामा दिला आणि जानेवारी 2020 मध्ये चीनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला ली थिए. शेनयांग, ब्राझील, एव्हर्टन, लिप्पी, दोन वेळा बढती. कागदावर यापेक्षा सरळ रेषा काढता येणार नाही.

त्या दोन्ही चढायांत विकत घेतलेले सामने होते, हे नंतर कोर्टात आलं.

सामना विकत घेतात म्हणजे काय करतात? सिनेमात दाखवतात तसा सट्टेबाज दर वेळी लागतोच असं नाही. लीगचे शेवटचे दोन-तीन आठवडे डोळ्यांपुढे आणा. एका संघाला वर चढायला तीन गुण हवेत. समोरचा संघ मधल्या कुठल्या तरी क्रमांकावर. तो वरही जात नाही, खालीही पडत नाही. पहिल्यासाठी या सामन्याची किंमत कोट्यवधी युआन, दुसऱ्यासाठी शून्य. आणि दुसऱ्या संघाच्या खेळाडूंचे पगार कदाचित तीन महिने थकलेले. बाजारात एकाकडे नड आणि दुसऱ्याकडे पडून असलेला माल असला की दलाल आपोआप उगवतो. क्लब पैसे देतो, समोरच्या संघातले चार-पाच जण पाय आखडता घेतात, स्टेडियममधला माणूस टाळ्या वाजवून घरी जातो. चिनी लीगमध्ये हे नवीनही नव्हतं. 2009 नंतरच्या साफसफाईत संघटनेचे दोन माजी प्रमुख प्रत्येकी साडेदहा वर्षांसाठी आत गेले. 2002 च्या विश्वचषकात पंचगिरी केलेला लू जून गेला, आणि त्याच विश्वचषकाच्या चिनी संघातले गोलरक्षक ज्यांग जिन आणि मिडफिल्डर ची होंगही गेले. म्हणजे ली थिएच्या जुन्या सोबत्यांना शिक्षा झाली 2012 मध्ये, आणि तीन वर्षांनी त्याने स्वतः हाच धंदा सुरू केला. 2000 साली आपल्या क्रिकेटमध्ये मॅच-फिक्सिंगचं वादळ आलं होतं, तेव्हाचा तो ओशाळलेपणा ज्यांना आठवतो त्यांना चिनी प्रेक्षकाचं मन कळेल. फरक एवढाच की तिथे तो दुसऱ्यांदा ओशाळला.

राष्ट्रीय संघाचं पद कसं मिळालं याचा तपशील जानेवारी 2024 मध्ये चिनी सरकारी दूरचित्रवाणीवर आला. भ्रष्टाचारविरोधी मालिकेत ली थिए स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होता. पदासाठी 30 लाख युआन मोजले गेले, म्हणजे साधारण साडेतीन कोटी रुपये. त्यातले 20 लाख वुहान क्लबने फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष चेन शुयुआन यांना पोचवले, 10 लाख ली थिएने सरचिटणीसांना. क्लबने आपलाच प्रशिक्षक सोडून द्यायला वर पैसे का द्यावेत? कारण राष्ट्रीय संघात निवड झालेल्या खेळाडूचा भाव रातोरात वाढतो. वुहानने प्रशिक्षक गमावला नाही, राष्ट्रीय निवडीत आपला माणूस बसवला. त्याच्याशी क्लबने गुपचूप 6 कोटी युआनहून मोठा करार केला होता आणि बदल्यात वुहानचे चार खेळाडू राष्ट्रीय संघात आले. संघ निवडताना 'याला का घेतलं?' म्हणून जगभर प्रेक्षक कपाळावर हात मारतात. या चौघांच्या बाबतीत उत्तर लेखी होतं.

त्याच मालिकेत चेन यांनी सांगितलेला एक प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. ऑगस्ट 2019 मध्ये त्यांची अध्यक्षपदी निवड व्हायची होती. आदल्या रात्री दोन प्रांतिक संघटनांचे प्रमुख भेटायला आले आणि प्रत्येकाने 3 लाख युआनची रोकड भरलेली पिशवी ठेवली. काम काहीच सांगितलं नाही. नव्या साहेबाला नारळ द्यावा तशी ती पिशवी.

ली थिए म्हणाला की खेळाडू असताना आपल्याला याच गोष्टींची सगळ्यात जास्त चीड होती. मला हे खरं वाटतं. त्याचबरोबर हे कबुलीजबाब खटला उभा राहण्याच्या दोन महिने आधी देशभर दाखवले गेले, हेही नोंदवायला हवं. माणूस दोषी असला तरी निकालाआधी त्याला पडद्यावर बसवून कबुली वदवून घेणं हे आपल्याला अस्वस्थ करायलाच हवं. मार्च 2024 मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याच महिन्यात चेन यांना 8 कोटी 10 लाख युआनच्या लाचेबद्दल जन्मठेप झाली.

प्रशिक्षक म्हणून राष्ट्रीय संघात त्याने काय केलं, ते थोडक्यात. विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी बरी गेली, सीरियाला 3-1 हरवलं. 2021 च्या अंतिम पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाने 3-0 मारलं, जपानने 1-0, सौदीने 3-2. एकमेव विजय व्हिएतनामवर, तोही अगदी अखेरच्या क्षणी. ब्राझीलमध्ये जन्मलेले एल्केसनसारखे खेळाडू नागरिकत्व देऊन घेतले होते, आणि एव्हर्टनमध्येच घडलेला टायस ब्राउनिंगही 'ज्यांग ग्वांगथाय' या नावाने संघात होता. डिसेंबर 2021 मध्ये ली थिए पायउतार झाला. त्याच्या सोशल मीडियावरच्या जाहिरातींवरून लोक आधीच वैतागलेले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये, कतारला विश्वचषक चालू असताना, चौकशीची घोषणा झाली.

13 डिसेंबर 2024 ला हुबेई प्रांतातल्या श्येननिंगच्या न्यायालयाने 20 वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्हे पाच, आणि ऐकताना ते एकाच गुन्ह्याची पाच नावं वाटतात. पण चिनी कायदा पाहतो की लाच घेताना तुम्ही कोणत्या खुर्चीवर होता. राष्ट्रीय प्रशिक्षक हा सरकारी माणूस धरला जातो, म्हणून त्या काळात घेतलेले 5 कोटी युआनहून जास्त पैसे ही सरकारी लाच. सगळ्यात जड कलम हेच. क्लबचा प्रशिक्षक खासगी माणूस, म्हणून तेव्हा घेतलेली लाच वेगळ्या, थोड्या हलक्या कलमाखाली. पदासाठी स्वतः दिलेली लाच तिसरी. संस्थेच्या वतीने दिलेली चौथी. आणि समोरच्या संघाच्या खेळाडूंना, म्हणजे खासगी लोकांना, सामना सोडायला दिलेली पाचवी. चढाईपासून निवडीपर्यंतची त्याची सगळी कारकीर्द या पाच कलमांत बरोबर बसते. त्याने अपील केलं; 30 एप्रिल 2025 ला ते फेटाळलं गेलं. त्याआधी, सप्टेंबर 2024 मध्येच चिनी संघटनेने 43 जणांवर फिक्सिंगबद्दल आजन्म बंदी घातली होती.

क्लबांचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. कारण आता एका वाक्यात सांगता येईल. चीनमधला घरबांधणीचा फुगा फुटला, कोविडमध्ये मैदानं रिकामी राहिली, आणि साहेबांचे दिवस फिरले. 2021 पासून क्लबच्या नावात कंपनीचं नाव ठेवायलाही बंदी आली, म्हणजे जाहिरातीचा उरलासुरला फायदाही गेला. जियांग्सूचा क्लब नोव्हेंबर 2020 मध्ये लीग जिंकला आणि साडेतीन महिन्यांत बंद पडला. ल्याओनिंगमध्ये खेळाडूंचे पगार थकत थकत 2020 मध्ये कुलूप लागलं.

ग्वांगझौ सगळ्यात शेवटी गेला. आठ वेळचा विजेता क्लब जुनी देणी फेडू शकला नाही, म्हणून त्याला नव्या मोसमाच्या व्यावसायिक लीगमध्ये जागा मिळाली नाही, असं 6 जानेवारी 2025 ला जाहीर झालं. ली थिएला शिक्षा होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. पाच दिवसांनी, 11 जानेवारीला, एव्हर्टनने आपला जुना प्रशिक्षक परत बोलावला: डेव्हिड मोयेस.